आक्रमक रुग्ण हाताळायची कार्यशाळा: पैसे वसूल, पण अर्ध्याच भागाचे

फी साडेतीन हजार, दोन्ही दिवसांचं जेवण धरून. शनिवार-रविवार, पुण्यात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. जाहिरातीत लिहिलं होतं की रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ), नर्सिंग स्टाफ आणि पायलट, म्हणजे गाडीचे चालक, अशा सगळ्यांसाठी आहे. प्रत्यक्षात पायलट मोजून तीन आले होते, त्यातले एक आमचे. त्यांची फी आम्ही गाडीवरच्या डॉक्टरांनी वर्गणी काढून भरली. या सगळ्या प्रकरणात त्याहून शहाणपणाचा खर्च दुसरा झाला नाही. का, ते पुढे येईलच.

मी बीएएमएस, सोलापूर जिल्ह्यात रुग्णवाहिकेवर डॉक्टर. बऱ्याच राज्यांत गाडीत ईएमटी असतो, महाराष्ट्रात २०१४ ला १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हापासून डॉक्टर बसवायची पद्धत पडली. म्हणजे मागे मी आणि रुग्ण, पुढे पायलट, मध्ये पत्रा आणि एक सरकती काच. रुग्ण शांत असेल तर काही अडचण नाही. बिथरलेला असेल तर मात्र मागे सरकायला जागा नाही, आणि सायरन चालू असताना ओरडलेलं पुढे ऐकू जाईलच याची खात्री नाही. त्यामुळे माझी अपेक्षा साधी होती. त्या डब्यात मी कुठे बसू, काय बोलू आणि कधी उतरू, एवढं सांगा.

पहिल्या दिवशीची अख्खी सकाळ याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या गोष्टीत गेली. निवृत्त पोलीस अधिकारी, अंगाने धिप्पाड, बोलायला मिश्कील, माणूस म्हणून उत्तम. गाद्या अंथरल्या होत्या. जोड्या करून मनगट सोडवायचं, गळा धरला तर सुटायचं, मागून मिठी मारली तर कोपर मारायचं. सराव असा की समोरचा येतो, माझं उजवं मनगट धरतो आणि मी सोडवेपर्यंत थांबतो. इतका समंजस हल्लेखोर मला अजून भेटलेला नाही. शिवाय आमच्याकडे मारणारा हा आमचाच रुग्ण असतो. त्याच्या बरगडीत कोपर घातलं तर पुढच्या मिनिटाला त्याच बरगडीची तपासणी मलाच करायची असते.

तरी त्या सकाळीतल्या दोन गोष्टी उपयोगाच्या निघाल्या. केस धरले तर झटका देऊन मागे ओढायचं नाही. त्याचा हात आपल्या दोन्ही तळव्यांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायचा, म्हणजे मुळं ताणली जात नाहीत, आणि मग त्याच्याच दिशेने आत सरकायचं. दुसरी गोष्ट चावण्याची. दात रुतले की हात ओढायची आपली सवय असते आणि त्यानेच मांस फाटतं. उलट हात त्याच्या तोंडात आत रेटायचा, जबडा आपोआप सैल होतो. हे अधिकाऱ्यांनी स्वतःचा हात एका मुलाच्या तोंडात देऊन दाखवलं, मुलगा बिचारा लाजून चावेना. चावल्यानंतर काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, ते ज्याला त्याला माहीत असायला हवं: साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, धनुर्वात आणि कावीळ ब च्या लशीची तारीख बघायची. रक्ताचा संबंध आला असेल तर एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी लगेच जायचं, ७२ तासांच्या आत, आणि खरं तर पहिल्या दोन तासांत गेलेलं बरं.

जेवणाच्या सुट्टीत हॉलबाहेर टेबल लागलं होतं: रुग्णाला बांधायचे मऊ पट्टे, झटका बसला की आपोआप सुटणारी ओळखपत्राची दोरी, आणि मिरचीचा फवारा. दोरी मी घेतली, सगळ्यांनी घ्यावी. आपली नेहमीची ओळखपत्राची फीत म्हणजे गळ्यात स्वतःहून घालून घेतलेला फास आहे, स्टेथोस्कोपही तसाच. पण मिरचीचा फवारा? बंद गाडीत? खिडक्या लावलेल्या, एसी चालू, आणि मी तो उडवणार! रुग्णाआधी मी खोकून आडवी होईन, पायलटला गाडी बाजूला घ्यावी लागेल, आणि आधीच दम लागलेल्या रुग्णाची छाती भरेल. ज्या संस्थेने आम्हाला सुरक्षितता शिकवायची तिनेच हे टेबलावर मांडावं, हे मला पटलं नाही. आयोजकांना तसं लेखी दिलं आहे.

दुपारी सुरुवातीला इंग्लंडमधले व्हिडिओ दाखवले. हिरव्या गणवेशातले पॅरामेडिक, अंगावर कॅमेरे. तिकडे २०१८ साली आपत्कालीन कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यासाठी वेगळा कायदा झाला, २०२२ मध्ये त्यातली शिक्षा दोन वर्षांपर्यंत वाढली, वगैरे. माहिती खरी आहे, पण व्हिडिओत बटण दाबलं की काही मिनिटांत पोलीस हजर, हे बघून हॉलमध्ये हशा पिकला. आमच्या भागात ११२ ला फोन केल्यावर पोलीस येतात, नाही असं नाही. पण ठाण्यापासून वस्ती पंचवीस किलोमीटर, मध्ये ओढा, आणि रात्रपाळीला माणसं दोन. तोवर काय करायचं, हा आमचा प्रश्न.

त्याचं उत्तर ज्यांनी दिलं ते ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातल्या एका ठिकाणी उभी हयात काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ. बारीक अंगकाठी, हाफ शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज इतका हळू की मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. स्लाइड एकही नाही. त्यांनी आमच्या पायलटदादांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही दारू प्यालेले. मला शिव्या द्या." दादा आधी लाजले, मग रंगात आले. त्यांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर आला.

ब्रदर काय करत होते ते मी नीट बघत होते. समोर उभे राहिले नाहीत, थोडे तिरके, दादांच्या डाव्या अंगाला. दादांचा हात आणि पाय दोन्ही पोचणार नाहीत एवढ्या अंतरावर. हात पोटाशी, तळवे उघडे, खिशात नाहीत आणि पाठीमागेही नाहीत. नजर चेहऱ्यावर रोखलेली नाही, खांद्यांवर. (हात उचलण्याआधी खांदा हलतो, असं नंतर म्हणाले.) आणि पहिलं वाक्य: "दादा, उन्हातून आलाय. पाणी देऊ का?" शिवी आली. थांबले. परत तेच, त्याच सुरात. तिसऱ्यांदा फक्त नाव विचारलं. दादांनी नाव सांगितलं आणि स्वतःच हसले, कारण नाव सांगितल्यावर पुढची शिवी सुचेना.

मग त्यांनी एकेक उलगडून सांगितलं. बोलायचं एकानेच. डॉक्टर एक सांगतेय, पायलट दुसरं, मेहुणा तिसरं आणि सरपंच चौथं, यात बिथरलेला माणूस आणखी बिथरतो. अरे-तुरे बंद. वयाने लहान असला तरी "दादा", मोठा असला तर "काका", "मामा", बाई असेल तर "ताई", "मावशी". वाक्य छोटं, एका वेळी एकच गोष्ट. खोटं आश्वासन नाही: "इंजेक्शन नाही देणार" म्हणून गाडीत घेतलं आणि मग दिलं, तर पुढच्या वेळी तो कुठल्याच गाडीत चढणार नाही. इतरांना ऐकू न येणारं कुणी बोलतंय असं त्याला वाटत असेल, तर "असं काही नाही" म्हणून वाद घालायचा नाही आणि "हो, मलाही ऐकू येतंय" असंही नाही. "तुम्हाला त्रास होतोय ते दिसतंय" इथंच थांबायचं. निवड द्यायची, पण खरी: बसून येताय की झोपून? चप्पल घालून की हातात घेऊन? "येताय का?" असं विचारायचंच नाही, कारण त्याला "नाही" हे तयार उत्तर आहे.

आणि कधी सोडून द्यायचं, तेही सांगितलं. मुठी आवळणं, येरझाऱ्या, बोलणं एकदम बंद होणं, अंगातला शर्ट काढणं, आपल्या मागच्या दाराकडे बघणं. यातलं काही दिसलं की बोलणं संपलं, बाहेर पडायचं. "तुम्ही बाहेर आलात तर केस सुटत नाही, फक्त उशीर होतो," हे त्यांचं वाक्य आमच्या पायलटदादांनी वहीत लिहून घेतलंय.

घरात शिरण्याबद्दल ब्रदरांनी जे सांगितलं ते मी याआधी कुठल्याच इंग्रजी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, कारण तिकडच्या स्वयंपाकघरात जमिनीवर विळी नसते. आपल्याकडे रुग्णाभोवती गर्दी जमली की कुणीतरी म्हणतं, "आत या, आत बसून बोला," आणि आत म्हणजे स्वयंपाकघर. विळी, वरवंटा, चुलीतलं लाकूड, आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत कोयता. बोलणं ओसरीवर किंवा अंगणात आणायचं. दार वाजवताना दारासमोर उभं राहायचं नाही, कडीच्या बाजूला राहायचं. दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघायचं, आणि रुग्ण आपल्या आणि दाराच्या मध्ये येऊ द्यायचा नाही. कॉल घेतानाच विचारायचं: हातात काही आहे का, घेतलेली आहे का, आत्ता जवळ कोण कोण आहे, कुत्रा सुटा आहे का. पायलटने गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची, किल्ली स्वतःकडे, मागचं दार उघडं नको. उत्तरं धड मिळाली नाहीत तर वस्तीच्या अलीकडे थांबून ११२ ला कळवायचं आणि पोलीस पाटलांना फोन लावायचा. आमच्या भागात निम्म्या वेळा पोलीस पाटीलच उपयोगी पडतात, कारण त्यांना तो माणूस, त्याची बायको आणि त्याची उधारी सगळं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपत्कालीन विभागातल्या एक एमडी मॅडम आल्या. विषय होता रुग्ण हिंसक का होतो. यात काही नवं नव्हतं असं आमच्यातले काही जण म्हणाले, मी म्हणेन हाच भाग दर वर्षी परत परत ऐकायला हवा. साखर उतरली, ऑक्सिजन कमी झाला, डोक्याला मार लागला, फिट येऊन गेली, मेंदूत ताप गेला, म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला, धोतऱ्याचं बी पोटात गेलं: प्रत्येकात माणूस मारायला धावू शकतो, आणि प्रत्येक वेळी नातेवाईक सांगणार की "प्यालाय" किंवा "अंगात आलंय". दारू पिणाऱ्यापेक्षा दारू अचानक सुटलेला जास्त धोक्याचा, हे मॅडमनी ठासून सांगितलं. पाय मोडून दाखल झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या आणि साप बघायला लागतो, घामाने भिजतो, हात थरथरतात. रुग्णालयातून आपल्याला कॉल येतो: "मेंटल केस आहे, घेऊन जा." ती मेंटल केस नसते, ती मरणाऱ्या माणसाची केस असते.

इथे माझा एक अनुभव मी तिथेही सांगितला, इथेही सांगते. आषाढी एकादशी, पंढरपूरच्या बाजूचा रस्ता. कॉल होता "दारू पिऊन दगड मारतोय". गेलो तर पन्नाशीचा माणूस, धोतर सुटलेलं, दोघांनी धरलेला, तिसऱ्याला लाथ बसलेली. शेजारी म्हणतायत देशी ढोसलीय. बायको लांबून ओरडून सांगतेय, "माळकरी आहेत ओ ते, शिवत नाहीत." गळ्यात तुळशीची माळ दिसत होती. अंगाला घाम, आणि घाम गार. विचारलं, शुगरचं औषध? सकाळी इन्सुलिन घेतलं, एकादशी म्हणून काही खाल्लं नाही. धरलेल्या हाताची तर्जनी पकडून टोचलं: साखर ३८, म्हणजे फारच उतरलेली. सुई लावताना हात पायलटदादांनी आपल्या काखेत धरला होता. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेलं आणि थोड्या वेळाने ते गृहस्थ उठून बसले, धोतर सावरलं आणि "माफ करा माउली, काय झालं?" असं विचारायला लागले. दारूचा वास शोधत बसलो असतो तर मेंदू गेला असता. मॅडमचं म्हणणं होतं, बिथरलेल्या माणसाला हात लावायची संधी एकदाच मिळते, त्या संधीत साखर आणि बोटाला ऑक्सिजनचा क्लिप, एवढं पहिलं. बीपीचा पट्टा नंतर.

मग ते ज्यासाठी मी गेले होते. आयोजकांनी एक खरी रुग्णवाहिका खाली आवारात उभी केली होती. तीन तास. या तीन तासांसाठी साडेतीन हजार दिले असं मी धरते, बाकी फुकट.

गाडीत चौघं चौघं चढवलं. पहिलं काम: रुग्णाच्या हाताला लागेल असं काय काय आहे ते उचलायचं. आम्हाला वाटलं कात्री आणि सुया. ब्रदर मागे उभे राहून एकेक वस्तू बाहेर द्यायला लागले. कात्री, किडनी ट्रे, ऑक्सिजन सिलेंडरची चावी, सुटा सलाईन स्टँड, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचं हँडल, अग्निशामक, काचेची बाटली, माझ्या ॲप्रनच्या वरच्या खिशातलं पेन. शेवटी म्हणाले, "आणि हे." माझी वेणी. अंबाडा घाला, मंगळसूत्र आत, ओढणी गाडीत नकोच.

बसायची जागा रुग्णाच्या डोक्यामागची. बाजूच्या बाकावर कमरेशी बसलं की हातही पोचतो आणि गुडघाही. डोक्यामागून श्वासनलिका आपल्या ताब्यात, आणि त्याला आपल्यापर्यंत यायचं तर वळावं लागतं. पण आमच्या गाडीत त्या जागेवरून दार लांब पडतं, हे पायलटदादांनी दाखवून दिलं, आणि मग अर्धा तास त्याच्यावरच चर्चा. निष्कर्ष असा निघाला की रुग्ण पट्ट्यात नीट असेल तर डोक्यामागे, मोकळा बसून येणार असेल तर त्याला बाकावर, आपण दाराशी, आणि त्याच्या भरवशाचा एक नातेवाईक मध्ये. एकच, आणि न प्यालेला.

त्यानंतर पायलटशी ठरवायची खूण. आम्ही ठरवली: "दादा, निळी फाईल द्या." निळी फाईल गाडीत नाहीच. हे वाक्य काचेतून गेलं की दादांनी प्रश्न न विचारता गाडी थांबवायची, पण अंधारात नाही. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका, जिथे उजेड आणि माणसं असतील तिथे. किल्ली काढायची, उतरून मागे यायचं, आणि दार बाहेरून उघडायचं. आवाज न पोचण्याची भीती होती म्हणून काचेवर सलग तीन टकटक हीही खूण. हे सगळं पायलटशिवाय शिकून काय उपयोग आहे सांगा. ज्या डॉक्टर एकट्या आल्या होत्या त्या परत गेल्यावर आपापल्या पायलटला हे समजावणार, आणि तो म्हणणार "बरं मॅडम." आमचे दादा स्वतः ते दार दहादा उघडून बघून आले. वर त्यांनी सुचवलं की मागचा आरसा थोडा खाली वाकवला तर काचेतून आतलं दिसतं. ते आयोजकांच्याही डोक्यात नव्हतं.

बांधण्याबद्दल. खेड्यात रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुतेक आधीच बांधलेला, गुरांच्या दाव्याने, मनगटं सुजलेली. ब्रदरांचा नियम: दावं दिसलं की लगेच सोडू नका. आधी माणसं मोजा, मऊ पट्टे लावून घ्या, मग दावं काढा. पाच माणसं लागतात, चार हातापायांना आणि एक डोक्याशी, बोलणारा तोच. उताणं, डोक्याकडची बाजू उचललेली, एक हात वर आणि एक खाली, म्हणजे दोन्ही हातांचं बळ एकत्र लावता येत नाही. पट्टा स्ट्रेचरच्या मुख्य सांगाड्याला, वरखाली होणाऱ्या कठड्याला नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, दर दहा-पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग आणि नाडी बघायची, आणि सक्शन, म्हणजे तोंडातलं ओढून घ्यायचं यंत्र, हाताशी, कारण प्यालेला उलटी करणारच.

आणि पालथं घालायचं नाही. कधीच नाही, पाठीवर गुडघा नाही, वरून दुसरा बोर्ड ठेवून दाबणं नाही. यावर ब्रदर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. पालथ्या माणसाची छाती फुगत नाही, तो हवेसाठी धडपडतो, आपल्याला वाटतं अजून जोर करतोय म्हणून आपण आणखी दाबतो, आणि मग तो "शांत" होतो. मी हॉलमध्ये आजूबाजूला बघितलं तर बरेच जण खाली बघत होते.

शांत करायच्या इंजेक्शनवर एमडी मॅडम घाईने बोलल्या, वेळ संपत आली होती. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र, स्नायूत. त्याचा एक चांगला अभ्यास आपल्याच देशात, वेल्लोरला झालाय, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, दोनशे रुग्णांवर. लोराझेपामशी तुलना होती. शांत दोन्हींनी झाले, पण हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनने लवकर. गाडीत मात्र हे वरिष्ठ डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय नाही, आणि दिल्यावर ऑक्सिजनचा आकडा आणि श्वास यांच्यावरून नजर हलवायची नाही. याला अर्धा दिवस हवा होता, वीस मिनिटं मिळाली. मनगट सोडवायला मात्र अख्खी सकाळ!

कायद्याचा तास सगळ्यात कमकुवत. २०१० चा महाराष्ट्राचा कायदा, वैद्यकीय सेवेतल्या लोकांवर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, मोडतोड केली तर दुप्पट भरपाई. वकिलांनी हे स्लाइडवरून वाचून दाखवलं. एका पायलटने विचारलं, यात ड्रायव्हर बसतो का? "बघून सांगतो." अजून बघतायत. मनोरुग्णाचं काय, हेही नीट आलं नाही. मग ब्रदरच उठले आणि म्हणाले, आजारात काय करतोय ते ज्याला कळत नाही त्याच्यावर केस टाकून काही हाती लागत नाही. उपयोगाचा आहे तो २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेण्याची जबाबदारी कलम १०० ने पोलिसांवर टाकलीय, म्हणून "तुम्हीच न्या" म्हटलं तर "एक शिपाई बरोबर द्या" असं हक्काने म्हणायचं. आणि साखळीने बांधणं त्याच कायद्याने बंद आहे.

नातेवाईक आणि जमाव यांच्यावर अर्धा तास. माझ्या अनुभवात मारायला रुग्णापेक्षा तेच जास्त उठतात, "उशिरा का आलात" इथून सुरुवात होते. जाहिरातीत फक्त रुग्ण लिहिलंय म्हणून आयोजकांना सोडून देते, पण पुढच्या वेळी हे वाढवा.

आणि एक विषय आलाच नाही. गाडीत बाईमाणूस असेल आणि रुग्ण शुद्धीत असून हात नको तिथे लावत असेल, तर? प्रशिक्षक "प्रोफेशनल राहा" म्हणून पुढे गेले. मग चहाच्या वेळी जिन्यात आम्ही सात-आठ जणींनी आपापलं सांगितलं. लातूरच्या एकीने सांगितलेलं मला फार आवडलं. ती पायलटला काचेतून मोठ्याने सांगते, "दादा, वेळ लिहा, पेशंट गैरवर्तन करतोय," आणि तेच केस पेपरवर लिहिते. शुद्धीत असलेला माणूस वेळ लिहिली म्हटल्यावर हात मागे घेतो. न घेतला तर गाडी उजेडात थांबवायची आणि ती पुढे येऊन बसते, मागे नातेवाईक. रुग्णाची प्रकृती बरी असेल तरच, अर्थात. हे जिन्यातलं सत्र हॉलमध्ये व्हायला हवं होतं, आणि ते शिकवायला तिलाच बोलवा.

जेवण चांगलं होतं, पिठलं-भाकरीसुद्धा. प्रमाणपत्र रंगीत आहे, त्याचा कुठे उपयोग होईल असं वाटत नाही. राहायची सोय नाही, स्वारगेटजवळ आपली आपण बघावी लागते. बूट घालून जा, चप्पल घालून गाडीत चढउतार करताना एकीचा पाय मुरगळला.

पाचपैकी साडेतीन. ब्रदर आणि गाडी यांचे तीन, मॅडमचा अर्धा. सकाळच्या गाद्यांचे शून्य, टेबलावरच्या फवाऱ्यामुळे एक वजा करणार होते, पण ओळखपत्राच्या दोरीने भरपाई झाली.

पुढची तुकडी कोल्हापूरला घेणार आहेत असं म्हणाले. नाव नोंदवताना दोनच गोष्टी विचारा: पायलटला फीमध्ये सवलत आहे का, आणि गाडी आणणार का. दुसऱ्याचं उत्तर "प्रोजेक्टरवर दाखवू" असं आलं, तर पैसे भरू नका.